फ्रँकिंग क्रेडिटचा रिफंड न्याय्य आहे का, आणि तो बंद करणं न्याय्य ठरलं असतं का?

मेलबर्नहून आलेला तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, म्हणजे उत्तर कशाचं आहे ते वाचणाऱ्यांना कळेल. तुमचे आईबाबा सत्तरीच्या पुढचे, दोघंही निवृत्त. घर स्वतःचं. स्वतःच चालवत असलेल्या सुपर फंडात (निवृत्तीसाठीच्या बचतीच्या फंडात), म्हणजे एसएमएसएफमध्ये, साधारण १२ लाख डॉलरचे शेअर आहेत; बहुतेक बँका, टेल्स्ट्रा आणि खाणकंपन्या. सेंटरलिंकची एज पेन्शन, म्हणजे सरकारी वृद्धापकाळ पेन्शन, त्यांना मिळत नाही. वर्षाला ४२,००० डॉलर लाभांश येतो आणि त्यावर एटीओकडून, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या करखात्याकडून, १८,००० डॉलरचा फ्रँकिंग क्रेडिटचा रिफंड, म्हणजे कंपन्यांनी त्या नफ्यावर आधीच भरलेला कर परत. तुमच्या वहिनी नर्स आहेत. त्यांचं म्हणणं, "ज्यांनी कर भरलाच नाही त्यांना रिफंड कसला? माझ्या पगारातून कापलेलेच पैसे ना ते?" २०१९च्या निवडणुकीत लेबर पक्ष हा रिफंड बंद करायला निघाला तेव्हा तुम्हालाही ते पटलं होतं. आता आईबाबांचे हिशेब तुमच्याकडे आलेत आणि मन डळमळलंय. म्हणून तीन गोष्टी विचारल्यात: हा रिफंड न्याय्य आहे का, तो पुन्हा काढून घेतला जाईल का, आणि आईबाबा पुण्याला परतले तर त्याचं काय होईल.

मी इथे टॅक्स एजंट म्हणून काम करतो आणि माझ्याकडे येणाऱ्यांत निवृत्त मराठी जोडपी बरीच आहेत. माझं मत आधीच सांगून टाकतो. रिफंड ही मूळ अडचण नाही. अडचण आहे ती सुपरमधल्या पेन्शनच्या टप्प्यावर, म्हणजे निवृत्तीनंतर फंडातून पेन्शन सुरू झाल्यावर, लागणाऱ्या शून्य टक्के कराची. २०१९चा प्रस्ताव शून्याला हात न लावता रिफंडवर घाव घालत होता, म्हणून तो नको त्या माणसांना लागणार होता. वहिनींचा प्रश्न मात्र चुकीचा नाही, आणि त्याचं उत्तर "तुम्हाला फ्रँकिंग कळत नाही" असं देऊन चालणार नाही.

आईबाबांच्या फाइलमधलं कुठलंही एक डिव्हिडंड स्टेटमेंट काढा. त्यात फ्रँक्ड रक्कम, अनफ्रँक्ड रक्कम आणि फ्रँकिंग क्रेडिट असे वेगवेगळे आकडे दिसतील. समजा फ्रँक्ड रक्कम ७०० आहे आणि क्रेडिट ३००. याचा अर्थ, आईबाबांच्या वाट्याचा कंपनीचा नफा १,००० होता, त्यावर ३० टक्क्यांनी ३०० डॉलर कंपनी कर कंपनीने एटीओला आधीच भरला आणि उरलेले ७०० बँक खात्यात आले. करखातं मात्र भागधारकाचं उत्पन्न ७०० नव्हे, १,००० धरतं, आणि भरलेले ३०० त्याच्या नावे जमा दाखवतं. ज्याचा दर ४५ टक्के आहे त्याचा कर ४५० होतो, ३०० वजा जाऊन तो वरचे १५० भरतो. सुपर फंड पैसे साठवण्याच्या टप्प्यात असेल तर त्याचा दर १५ टक्के, म्हणून त्याला १५० परत. आईबाबांचा फंड पेन्शनच्या टप्प्यात आहे, दर शून्य, म्हणून ३००च्या ३०० परत. तेव्हा "कर भरलाच नाही" हे अर्धंच खरं आहे. त्यांनी स्वतः भरला नाही, पण त्यांच्या वाट्याच्या नफ्यावर तो भरला गेलाय.

आपल्या लोकांना हे टीडीएसवरून पटकन समजतं. पुण्यातल्या बँकेने आजोबांच्या मुदत ठेवीच्या व्याजातून टीडीएस कापला आणि आजोबांचं उत्पन्न करपात्रच नसेल, तर रिटर्न भरून तो परत मिळतो. त्याला कुणी खैरात म्हणत नाही.

पण इथे प्रामाणिकपणे थांबायला हवं, कारण दोन्ही गोष्टी तंतोतंत सारख्या नाहीत. टीडीएस पहिल्यापासून आजोबांचाच कर असतो, बँक फक्त तो गोळा करते. कंपनी कर हा कंपनीचा स्वतःचा कर आहे. कंपनी ही कायद्याने वेगळी व्यक्ती. ती कोर्ट वापरते, बंदरं वापरते, भागधारकांना मर्यादित जबाबदारीचं कवच देते. या सगळ्याची किंमत म्हणून तिने कर भरावा आणि तो सरकारकडेच राहावा, असं मानणारे देश बरेच आहेत. भारतात कंपनीने भरलेला आयकर भागधारकाला कधीच परत मिळत नाही. १ एप्रिल २०२० पासून लाभांश थेट भागधारकाच्या हातात करपात्र आहे आणि परत मिळतो तो फक्त त्या लाभांशावर कापलेला टीडीएस. न्यूझीलंडने १९८८ मध्ये ऑस्ट्रेलियासारखीच पद्धत आणली, पण तिथे शिल्लक क्रेडिट रोख मिळत नाही. ब्रिटनमध्ये पेन्शन फंडांना असा परतावा मिळायचा. तिथले तेव्हाचे अर्थमंत्री गॉर्डन ब्राऊन यांनी जुलै १९९७च्या अर्थसंकल्पात तो बंद केला. म्हणजे रोख रिफंड हा काही निसर्गनियम नाही. कंपनी कर हा भागधारकाचा आगाऊ भरलेला कर आहे असं मानलं तर रिफंड अटळ आहे. तो कंपनीचाच कर आहे असं मानलं तर रिफंड ही सवलत ठरते. यातलं काय मानायचं हे देशाने ठरवायचं असतं.

ऑस्ट्रेलियाने ते दोन टप्प्यांत ठरवलं. १९८७च्या आधी इथे दुहेरी कर होता. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर कंपनी कर ४६ टक्के आणि व्यक्तींचा वरचा दर ६० टक्के असताना, १०० डॉलर नफ्यातले ५४ भागधारकापर्यंत पोहोचत आणि कर जाऊन जेमतेम २१-२२ डॉलर त्याच्याकडे उरत. शेअर आणण्यापेक्षा कर्ज काढून धंदा करणं कंपन्यांना परवडत असे. अर्थमंत्री पॉल कीटिंग यांनी १ जुलै १९८७ पासून फ्रँकिंग आणलं ते हे मोडायला. पण त्यांच्या पद्धतीत क्रेडिटने कर शून्यापर्यंतच खाली येत होता; उरलेलं क्रेडिट वाया जायचं. रोख परतावा सुरू झाला १ जुलै २००० पासून, पंतप्रधान हॉवर्ड आणि अर्थमंत्री कॉस्टेलो यांच्या काळात. त्यामुळे "हा आमचा पूर्वापार हक्क" असं कुणी म्हणालं तर मी त्याला दुरुस्त करतो. तेरा वर्षं ही पद्धत रिफंडशिवाय चालली होती.

२००० साली हा खर्च किरकोळ वाटत होता. मग एसएमएसएफ वाढले, त्यातले सभासद निवृत्त होऊन पेन्शनच्या टप्प्यात गेले, आणि साठीनंतर सुपरमधून काढलेली पेन्शन जुलै २००७ पासून घेणाऱ्याच्या हातातही करमुक्त झाली. लेबरच्या हिशेबाने हा परतावा सुरुवातीच्या ५५ कोटी डॉलरवरून वर्षाला ५ अब्जांच्या वर गेला होता. मार्च २०१८ मध्ये लेबरचे तेव्हाचे नेते बिल शॉर्टन आणि अर्थविषयक प्रवक्ते ख्रिस बोवेन यांनी १ जुलै २०१९ पासून रोख परतावा बंद करण्याचं जाहीर केलं, आणि त्यातून दहा वर्षांत ५९ अब्ज डॉलर वाचतील असा अंदाज मांडला. एवढा पैसा शाळा-इस्पितळांकडे वळवावा असं एखाद्या नर्सला वाटलं, तर त्यात आश्चर्य काय?

आता खरा हिशेब करू. तुमच्या आईबाबांचं एकूण उत्पन्न ४२,००० अधिक १८,००० म्हणजे ६०,००० डॉलर, प्रत्येकी ३०,०००. सुपरची सगळी सवलत क्षणभर विसरा आणि हे उत्पन्न साध्या नोकरदाराचं आहे असं धरा. २०२४-२५च्या दरांनी ३०,००० वर प्रत्येकी सुमारे १,२०० डॉलर कर येतो, आणि ज्येष्ठांना मिळणारी कर सवलत धरली तर तोही शून्य होतो. मेडिकेअर लेव्ही (सरकारी आरोग्यसेवेसाठीचा वेगळा कर) मी या सगळ्या हिशेबांत बाजूला ठेवलीय. म्हणजे सुपरची मेहेरबानी काढून घेतली तरी तुमच्या आईबाबांचा १८,०००चा रिफंड जवळजवळ पूर्ण शिल्लक राहतो. लेबरच्या प्रस्तावाने मात्र ते १८,०००च्या १८,००० गेले असते. ६०,००० वर सरसकट ३० टक्के कर. एवढा सरासरी दर वहिनींनाही लागत नाही.

दुसरं जोडपं घ्या. प्रत्येकी १६ लाख, मिळून ३२ लाख डॉलर पेन्शनच्या टप्प्यात. (१ जुलै २०१७ ला या टप्प्यावर प्रथम मर्यादा आली ती माणशी १६ लाखांचीच, नंतर ती वाढत गेली.) समजा लाभांश १,१२,००० आणि रिफंड ४८,०००. एकूण १,६०,००० डॉलर, कर शून्य. शेजारच्या घरात प्रत्येकी ८०,००० कमावणारं जोडपं तेवढ्याच उत्पन्नावर मिळून साडेएकोणतीस हजारांच्या आसपास आयकर भरतं, वर दोन मुलांचं डे-केअर आणि घराचा हप्ता. वहिनींचा राग या चित्रावर असेल तर तो शंभर टक्के रास्त आहे. पण नीट बघा. या श्रीमंत जोडप्याला पगारदारासारखाच कर लावला, तरी त्यांचा कर साडेएकोणतीस हजार आणि आधी भरलेला कंपनी कर ४८,०००. साडेअठरा हजारांच्या आसपास रिफंड तरीही निघतोच. त्यांना मिळणाऱ्या ४८,०००पैकी अन्याय्य भाग आहे साडेएकोणतीस हजारांचा, आणि तो रिफंडच्या नियमामुळे नव्हे तर शून्य दरामुळे आलाय. मी दर वर्षी जे विवरणपत्रांचे गठ्ठे पाहतो त्यावरून माझं मत बनलंय ते याच जागी.

दुसरी एक गोष्ट, जी २०१९ मध्ये टीव्हीवर फारशी बोलली गेली नाही. प्रस्तावाने क्रेडिट रद्द होत नव्हतं, फक्त रोख मिळत नव्हतं. त्यामुळे ज्याच्याकडे दुसरा काही कर देणं लागत होतं, त्याला क्रेडिट पूर्ण वापरता आलं असतं. ४५ टक्के दराच्या माणसाला एका डॉलरचाही फटका नव्हता. मोठ्या सार्वजनिक सुपर फंडात लाखो नोकरदार सभासद १५ टक्के कर भरत असतात. तिथे निवृत्तांच्या वाट्याचं क्रेडिट फंडाच्या एकूण करातच जिरतं. म्हणजे तेच निवृत्त जोडपं, त्याच बँकेचे तेच शेअर, पण मोठ्या फंडातून घेतलेले असतील तर बहुतेक सुरक्षित, आणि स्वतःच्या फंडातून घेतलेले असतील तर ३० टक्के उत्पन्न गेलं. सारख्या परिस्थितीतल्या माणसांना सारखा कर, ही करन्यायाची पहिली पायरी. ती इथेच चुकत होती.

शिवाय पळवाटा होत्या, आणि त्या कुणाला सापडणार होत्या तेही बघायला हवं. नोकरी करणारी मुलं फंडात सभासद म्हणून घ्यायची, म्हणजे त्यांच्या वाट्याच्या करात आईवडिलांचं क्रेडिट जिरवता येतं. किंवा फ्रँकिंग नसलेल्या गुंतवणुकीकडे वळायचं: परदेशी शेअर, मालमत्तेचे ट्रस्ट. चांगला सल्लागार ज्याच्याकडे आहे त्याने हे वर्षभरात केलं असतं. अर्ध्या आयुष्यात दोन बँकांचे शेअर घेऊन ठेवलेल्या, सुपर नसलेल्या, एज पेन्शनही न मिळणाऱ्या, स्वतःच्या नावावर १४,००० लाभांश आणि ६,००० रिफंडवर जगणाऱ्या विधवेला हे कोण सांगणार होतं? अशी माणसं माझ्यासमोर बसलेली आहेत. निवडणुकीच्या आधी घाबरून काहींनी शेअर विकायला काढले होते आणि त्यांना थांबवण्यात माझा बराच वेळ गेला.

लेबरलाही हे जाणवलं होतं. घोषणेनंतर दोनच आठवड्यांत त्यांनी एज पेन्शन घेणाऱ्यांना सूट दिली. एसएमएसएफसाठी अट घातली की २८ मार्च २०१८ च्या आधी निदान एक सभासद पेन्शनवर असला पाहिजे. हेतू चांगला होता, पण त्यातून कडा तयार झाली. तेव्हा स्वतःचं घर असलेल्या जोडप्याला घराशिवायची मालमत्ता साडेआठ लाखांच्या आसपास गेली की पेन्शन बंद होत असे. समजा दोघांनीही शेअर स्वतःच्या नावावर ठेवलेत. आठ लाखवाल्यांना थोडी पेन्शनही आणि पूर्ण रिफंडही. नऊ लाखवाल्यांना दोन्ही नाही. पाच वर्षं जास्त काटकसर केलेलं घर उत्पन्नात खाली जाणार. अशी रेषा कायद्यात आली की लोक तिच्या अलीकडे राहण्यासाठी पैसे उडवतात किंवा लपवतात.

दुसऱ्या बाजूनेही सगळं खरं सांगितलं गेलं नाही. "निवृत्तांवर कर" ही तेव्हा सत्तेत असलेल्या लिबरल पक्षाची घोषणा प्रभावी होती, पण तो नवा कर नव्हता. आणि "फटका बसणाऱ्यांत बहुतेक अल्प उत्पन्नवाले" हे वाक्य वारंवार ऐकवलं गेलं. तिथे उत्पन्न म्हणजे करपात्र उत्पन्न. सुपरमधून काढलेली पेन्शन त्यात मोजलीच जात नाही, त्यामुळे ३२ लाखवालं जोडपंही कागदावर गरीब दिसू शकतं. लिबरल खासदार टिम विल्सन यांच्या अध्यक्षतेखालच्या संसदीय समितीने याच विषयावर गावोगाव सुनावण्या घेतल्या, तेव्हा चर्चा भावनांची जास्त झाली आणि या आकड्यांची कमी.

नियम बदलण्यातला न्याय हा वेगळा विचार आहे. कोणतंही सरकार कराचे नियम कायम ठेवायला बांधील नाही. तसं असतं तर १९८७ आणि २००० चे बदलही झाले नसते. पण पन्नाशीतला माणूस नियम बदलला तर जास्त काम करतो, जास्त साठवतो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी ते दार बंद असतं. त्यामुळे बदल करायचाच तर वर्षावर्षाने थोडा, किंवा माणशी ठरावीक रकमेपर्यंत रिफंड चालू ठेवून वरचा बंद, अशी रीत मला योग्य वाटते. मोठ्या शिलकीच्या उत्पन्नावर १५ टक्के का होईना कर लावणं त्याहून योग्य. तसं झालं तर क्रेडिट आपोआप त्या करात जिरतं आणि तुमच्या आईबाबांसारख्यांना धक्का लागत नाही.

इथवरचं थोडक्यात: रिफंड तर्काला धरून आहे, पण तो सनातन हक्क नाही, शून्य दर मोठ्या शिलकीला अन्याय्य फायदा देतो, आणि २०१९चा उपाय ज्याच्याकडे दुसरा कर नव्हता त्यालाच लागत होता, श्रीमंत असो वा नसो.

रिफंड बंद करण्याचा प्रस्ताव परत येईल का? १८ मे २०१९ ला लेबर हरलं, आणि जानेवारी २०२१ मध्ये शॉर्टननंतर लेबरचे नेते झालेले अँथनी अल्बानीज यांनी हा प्रस्ताव सोडून दिल्याचं जाहीर केलं. पण फ्रँकिंगच्या कडा तासणं थांबलेलं नाही. नोंदणीकृत कंपन्या बाजाराबाहेर शेअर परत विकत घेऊन त्यात फ्रँक्ड लाभांश देत, तो मार्ग ऑक्टोबर २०२२च्या अर्थसंकल्पाने बंद केला. नवं भांडवल उभारून त्यातून दिलेल्या लाभांशावरही निर्बंध आले. आणि फेब्रुवारी २०२३ मध्ये ३० लाखांच्या वरच्या सुपर शिलकीवर जादा कर लावण्याची घोषणा झाली. तपशिलावर वाद झाले, बदल झाले, पण रोख बघा, तो मोठ्या शिलकीकडे वळलाय. माझ्या मते तीच योग्य दिशा आहे. सरसकट रिफंड बंद करण्याची भाषा पुन्हा कोणी लवकर करेल असं मला वाटत नाही. म्हणून केवळ भीतीपोटी शेअर विकू नका. मात्र सगळी शिल्लक चार-पाच कंपन्यांत असेल तर ती पसरवा. ते फ्रँकिंग असो वा नसो, करायलाच हवं. नवे शेअर घेतले तर खरेदी-विक्रीचे दिवस सोडून निदान ४५ दिवस ठेवायला लागतात, नाहीतर क्रेडिट जातं. वर्षाला ५,००० डॉलरपर्यंत क्रेडिट असलेल्या व्यक्तींना यातून सूट आहे, पण ती फंडाला मिळत नाही.

पुण्याचं उत्तर बऱ्याच गोष्टींवर अवलंबून आहे, आणि ते जाण्याआधी बघायचं असतं. वैयक्तिक नावावरचे शेअर असतील आणि आईबाबा करासाठी ऑस्ट्रेलियाचे रहिवासी राहिले नाहीत, तर पूर्ण फ्रँक्ड लाभांशावर इथे कर कापला जात नाही, पण रिफंडही मिळत नाही. भारताचे पूर्ण रहिवासी झाल्यावर तो लाभांश तिथे करपात्र होतो, आणि कंपनीने इथे भरलेल्या कराची वजावट त्यांना तिथे मागता येत नाही. परतल्यावरची पहिली एक-दोन वर्षं वेगळा दर्जा मिळू शकतो. एसएमएसएफचं प्रकरण त्याहून नाजूक आहे. फंडाचा कारभार आणि निर्णय ऑस्ट्रेलियातून चालले पाहिजेत अशी अट आहे. दोन्ही विश्वस्त कायमचे कोथरूडला जाऊन बसले तर फंड आपला करसवलतीचा दर्जा गमावू शकतो, आणि त्याचा कर फ्रँकिंगच्या रिफंडपेक्षा कितीतरी मोठा असतो. तेव्हा तिकिटं काढायच्या आधी फंडाचा ट्रस्ट डीड आणि मागच्या वर्षाचं ऑडिट घेऊन तुमच्या अकाउंटंटकडे बसा, आणि पहिला प्रश्न हाच विचारा: आईबाबा गेल्यावर विश्वस्त कोण राहणार? तुम्ही इथे आहात, तर त्यांच्या वतीने तुम्हाला विश्वस्त करण्यासाठी कायम मुखत्यारपत्र लागेल, आणि ते दोघांची प्रकृती चांगली असतानाच सही करून घ्यायला हवं.